खान्देशातून मालवणला स्कूबा ट्रिप: सात दिवस लावायचे कसे

पहिल्या वर्षी आमच्या डायव्हिंग क्लबनं ट्रिप लावली ती शाळेच्या सहलीसारखी. निघायचा दिवस ठरवला, गाडी सांगितली, आणि पुढचं पुढे बघू. आता मी बरोब्बर उलटं करतो, आधी परतीचा दिवस पकडतो आणि तिथून मागं मागं मोजत येतो. कारण आपल्या आणि समुद्राच्या मधे सह्याद्री उभा आहे भो, आणि डायव्हिंग करून, म्हणजे पाठीला हवेचं सिलिंडर लावून पाण्याखाली जाऊन, आलेल्या माणसाला घाट चढणं म्हणजे थोडंफार विमानात बसण्यासारखंच असतं. मुंबईवाल्याला, गोव्यावाल्याला हे डोक्यात ठेवायची गरजच पडत नाही, तो किनाऱ्यावरच राहतो. आपल्याला ठेवावं लागतं.

म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण ग्रुपमधे दरवर्षी कोणीतरी यावरून वाद घालतोच. खाली पाण्याच्या दाबात आपण सिलिंडरची हवा ओढतो तेव्हा तिच्यातला नायट्रोजन रक्तात, मांसात मुरतो. वर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू निघून जातो, पण त्याला तास लागतात. तो निघायच्या आधीच तुम्ही उंचावर गेलात की बाहेरचा दाब कमी होतो आणि गोटीसोड्याची बाटली फोडल्यावर होतं तसं, अंगात बुडबुडे. सांधे दुखतात, हातापायाला मुंग्या येतात, कधी याहून वाईट. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क म्हणजे डॅन, त्यांचा सल्ला असा की एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानाआधी निदान १२ तास थांबा, आणि दिवसात दोन-दोन किंवा बरेच दिवस केल्या असतील तर १८ तास. हा सल्ला साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीला धरून आहे. आता आंबोली जवळपास ७०० मीटर. मालवणहून गाडीनं निघालात तर दोन-सव्वादोन तासात तुम्ही वर. गगनबावड्याकडून गेलात तरी तीच गत, आणि पुढे पुण्याच्या वाटेवर खंबाटकी, कात्रज आहेतच. सकाळी डाइव्ह मारून दुपारी जेवून निघू हा जो प्लॅन सगळ्यांच्या डोक्यात असतो तो इथंच बाद करा.

तर हिशेब असा बसतो. शनिवारी रात्री निघालात, रविवार प्रवासात आणि पोचण्यात गेला. सोम, मंगळ, बुध, गुरू पाणी. शुक्रवार कोरडा. शनिवारी पहाटे परत. चार दिवस डायव्हिंगचे, त्यातला एक वाऱ्यात जाणार हे धरूनच चाला, म्हणजे हातात तीन. आधीच तीन सांगून ठेवलं तर कोणी नाराज होत नाही आणि चौथा मिळाला तर सगळे खुश.

तारखा ठरवताना आपल्याकडचं कॅलेंडर आणि तिकडचं कॅलेंडर दोन्ही समोर घ्यायचे. आपल्याकडे ४५ डिग्री झाली की सगळ्यांना समुद्र आठवतो, पण मे महिना तिकडे आपल्या कामाचा नाही. समुद्र हलायला लागलेला असतो, पाणी गढूळ, घामानं जीव नकोसा, आणि मे च्या शेवटापासून ऑगस्ट संपेपर्यंत वॉटर स्पोर्ट्स बंदच. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबा करून परत येणारी बोट उलटली होती आणि दोन पर्यटक गेले, ते दिवस हेच. शिवाय आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी लेकीबाळी माहेरी आलेल्या असताना तुम्ही मालवणला निघालात तर परत आल्यावर घरात कोण विचारणार तुम्हाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी चांगलं असतं पण आपल्यातले निम्मे कापसात अडकलेले असतात. दिवाळीची सुट्टी आणि थर्टी फर्स्ट, तिकडे पाय ठेवायला जागा नसते. उरतो जानेवारी ते मार्चचा पहिला आठवडा. आमच्या क्लबला तोच मानवतो.

त्यातही दोन गोष्टी बघा. एक म्हणजे आंगणेवाडीची जत्रा. मालवणजवळ मसुरे गावाच्या आंगणेवाडीत भराडी देवीची जत्रा भरते, लाखांनी माणसं येतात, आणि तिची तारीख पंचांगात नसते तर देवीचा कौल घेऊन ठरते. त्या दिवसांत कोकण रेल्वेचं तिकीट मिळत नाही आणि खोली तर सोडाच. त्यामुळे तारीख जाहीर होते तेव्हा आपली तारीख आपटत नाही ना ते बघून घ्या. दुसरं म्हणजे तिथी. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, पाणी जास्त चढतं जास्त उतरतं, प्रवाह जोराचा आणि तळाची माती उठून दिसणं कमी. अष्टमीच्या आजूबाजूला भांगाची भरती, म्हणजे पाण्याची चढउतार सगळ्यात कमी. आठवडा असा पकडा की अष्टमी मधे येईल. किनाऱ्यावरची जुनी माणसं तर तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात, अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. अंदाजाला उत्तम चालतं. पाढे पाठ असलेल्या आमच्या एका रिटायर्ड गुरुजींनी हे ऐकल्यापासून बोटवाल्याला घड्याळ दाखवायचं बंदच केलंय.

जायचं कसं. जळगावहून मालवण रस्त्यानं साडेसातशे-आठशे किलोमीटर, टेम्पो ट्रॅव्हलर केली तर पाठ मोडते पण सामान दारातून दारात जातं. रेल्वेनं जायचं तर मंगला एक्सप्रेस भुसावळ, जळगाव, मनमाड, नाशिक, कल्याण, पनवेल करत थेट कोकण रेल्वेवर उतरते. मालवणला जवळचं स्टेशन कुडाळ, तिथून तीसेक किलोमीटर. तुमच्या गाडीला कुडाळला थांबा आहे का ते वेळापत्रकात बघून मगच तिकीट काढा, नाहीतर रत्नागिरीला उतरून पुढची सोय करावी लागते. बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, चौदा जणांची बर्थ एकत्र पाहिजे असेल तर त्या दिवशी सकाळी आठला बोट बटणावर ठेवून बसा. रेल्वेचा अजून एक फायदा, परतीत गाडी पनवेल-कल्याणपर्यंत सखलच राहते, कसारा घाट लागेपर्यंत बरेच तास गेलेले असतात. तरी शुक्रवार कोरडा तो कोरडाच.

आता माणसं. खरा ताप इथं.

खान्देशात ज्याला पोहता येतं तो बहुतेक विहिरीत शिकलेला असतो. पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून काकानं ढकलून दिलेला. असा गडी पाण्याला घाबरत नाही हे खरंय, पण त्याला एक सवय असते, दम धरायची. विहिरीच्या तळाची माती आणून दाखवायची पैज लावलेली असते लहानपणी. "मन्हा दम दोन मिनिट ऱ्हास" (माझा दम दोन मिनिटं राहतो) असं छाती काढून सांगणारे आमच्यात तिघं होते. आणि स्कूबामधला पहिला नियम काय तर श्वास कधीच रोखायचा नाही. १० मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथं छाती भरून हवा घेतली आणि दम धरून वर आलात तर तीच हवा दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुस काही फुगा नाही. म्हणजे विहिरीत जो सगळ्यात हुशार, तो खाली सगळ्यात धोक्याचा. अशा माणसाला इथंच पूलमधे महिनाभर आधीपासून स्नॉर्कल लावून फेऱ्या मारायला लावा, तोंडानं सावकाश घ्या, सावकाश सोडा, एवढंच. माझी स्वतःची सवय जायला तीन आठवडे लागले, झोपेत पण मोजत होतो.

पूलमधेच करा हा सराव. कोणाला तरी आयडिया येते की सिलिंडर आणू आणि हतनूर धरणाच्या बॅकवॉटरमधे नाहीतर आपल्याच विहिरीत प्रॅक्टिस करू. अजिबात नाही. खाली गाळ, झाडं, जुन्या मोटारीच्या वायरी, दिसणं शून्य.

कोर्स कोणाचा झालाय कोणाचा नाही याची यादी करा, कारण यावर सगळं ठरतं. ओपन वॉटर म्हणजे पहिला कोर्स झालेला माणूस १८ मीटरपर्यंत, त्यापुढचा ॲडव्हान्स्ड झालेला ३० पर्यंत. काहीच न केलेला फक्त ट्राय डाइव्ह करू शकतो, इन्स्ट्रक्टरच्या हाताखाली, जास्तीत जास्त १२ मीटर. ज्यांना ओपन वॉटर करायचंय त्यांना याच आठवड्यात बसवता येतं, समुद्रात चार डाइव्ह लागतात, २०० मीटर न थांबता पोहून दाखवावं लागतं आणि १० मिनिटं तरंगून. थिअरी घरून ऑनलाइन उरकून या, तिथं खोलीत बसून व्हिडिओ बघण्यात दिवस घालवू नका. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबाची संस्थाच आहे, खोल ट्रेनिंग पूल सकट, नवख्यांसाठी तिथं आधी विचारा.

मेडिकल फॉर्म. हा लोक लग्नाच्या बायोडेटासारखा भरतात, सगळं निरोगी सगळं उत्तम. दमा, बीपी, शुगर, कानाचं ऑपरेशन, फिट येणं, छातीत कधी दुखणं, जे असेल ते खरं लिहा आणि डॉक्टरची सही आणा. वय ४५ च्या वर असेल आणि सिगरेट असेल तर तेही विचारलेलं असतं. आणि सर्दी. जानेवारीत आपल्याकडे अर्धा जिल्हा शिंकत असतो, जिनिंगकडे राहणारे तर विचारू नका. सर्दीत कान मोकळे होत नाहीत, म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा करता येत नाही, आणि गोळी घेऊन उतरलात तर खाली तिचा असर संपला की वर येताना सायनस असा ठणकतो की डोळ्यातून पाणी. आमच्या भुसावळच्या रेल्वेवाल्यानं हे केलं, मास्कमधे रक्त घेऊन वर आला, आणि पुढचे चार दिवस किनाऱ्यावर बसून आमचे मोबाइल सांभाळले. सर्दी असेल तर ये, पण पाण्यात नाही, हे लेखी घ्या पाहिजे तर.

ऑपरेटर निवडताना पहिल्या ट्रिपला आम्ही असे फसलो की आजही हसू येतं. फोनवर भाव ठरवला माणशी, "स्कूबा" म्हटलं, त्यानंही "हो स्कूबा" म्हटलं. तिथं गेल्यावर कळलं की ती टुरिस्टवाली स्कूबा, म्हणजे एक पोरगा मागून तुमची टाकी पकडतो, दहा-बारा मिनिटं खाली धरतो, ब्रेडला मासे गोळा करतो, व्हिडिओ काढतो, झालं. कोर्स करून कार्ड मिळालेले आमचे सहा जण पण तसेच धरून नेले, एकाची तर अक्षरशः मांजराच्या पिल्लासारखी मान पकडलेली व्हिडिओत दिसते. चूक त्याची अर्धी, आमची अर्धी, विचारलंच नव्हतं. म्हणून आता विचारतो. कार्डवाल्यांसाठी वेगळी बोट की टुरिस्टांबरोबर? एका गाईडमागे किती जण? डाइव्ह किती मिनिटांची, कोणत्या साइटवर? बोटीवर ऑक्सिजनची किट आहे का, दाखवा. सगळ्यांना लाइफ जॅकेट, जाता येता अंगात? बोटीला मेरीटाइम बोर्डाचा परवाना, किती माणसांचा? ऑक्सिजन दाखव म्हटल्यावर जो हसतो त्याच्याकडे जाऊ नका. आणि पाण्यात उतरायच्या आधी सिलिंडरची हवा तोंडानं ओढून बघा, डिझेलचा किंवा तेलाचा वास आला तर ते सिलिंडर परत.

सामानात मास्क मात्र स्वतःचा घ्या, बाकी सगळं भाड्यानं चालतं. दुकानात मास्क चेहऱ्याला लावून पट्टा न लावता नाकानं आत ओढा, चिकटून राहिला तर तो तुमचा. मिशीवाल्यांचं पाणी आत येतंच, थोडी वरून कापा नाहीतर व्हॅसलिन. काचेवर वाफ धरू नये म्हणून बेबी शाम्पूचा थेंब, नाहीतर आपली थुंकी, तीच खरी. वेटसूट ३ मिलिमीटरचा पुरतो. आणि खाली जाता यावं म्हणून कमरेला जे वजन बांधतात त्याचं लक्षात ठेवा, पूलच्या गोड्या पाण्यात जे वजन लागलं ते समुद्रात कमी पडतं कारण खारं पाणी जड, ते वर ढकलतं. ८० किलोच्या माणसाला साधारण दोन किलो जास्त. पहिल्या दिवशी बुडता येत नाही म्हणून रडकुंडीला आलेले पट्टीचे पोहणारे मी पाहिलेत.

उतरायच्या आधी जोडीदाराची तपासणी. इंग्रजी अक्षरांची जी आठवण शिकवतात ती आमच्यात कोणाच्या लक्षात राहीना म्हणून आम्ही आपली बनवली, "जवाब हाय ना?" ज म्हणजे जॅकेट, फुगतं आणि रिकामं होतं का. व म्हणजे वजनाचा पट्टा. ब म्हणजे बकला, सगळ्या. ह म्हणजे हवा, टाकी पूर्ण उघडी का, दोन्ही रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरून हवा ओढायच्या भागातून, ओढून बघा आणि त्यावेळी हवेच्या गेजचा काटा हलता कामा नये. न म्हणजे शेवटची नजर, डोक्यापासून फिन्सपर्यंत. बोटीवर चौदा जण एकमेकांना "जवाब हाय ना" विचारत असतात तेव्हा मालवणी नाखवा कपाळाला हात लावतो, पण आजवर कोणी टाकी बंद ठेवून उडी मारली नाही.

खुणांचं एकच घोळ होतो. अंगठा वर म्हणजे मस्त चाललंय असं आपल्याला वाटतं, खाली त्याचा अर्थ "वर चला". मस्तसाठी अंगठा आणि तर्जनीचा गोल. पहिल्या ट्रिपला एकानं पोपट मासा पाहून आनंदानं अंगठा दाखवला आणि गाईडनं सगळ्यांना वर आणलं, सात मिनिटात डाइव्ह संपली.

आता आठवडा. सोमवारी खोल जायचंच नाही, उथळ पाण्यात मास्क काढून घालणं, रेग्युलेटर तोंडातून काढून परत घेणं, वर्षभराचा गंज काढा. मंगळवारपासून सकाळी लवकर निघा, वारा दुपारी वाढतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागचा खडकाळ भाग, आजूबाजूच्या साइट, गाईड जिथं नेईल तिथं, कारण त्याला त्या दिवशीचं पाणी कळतं, तुम्हाला नाही. इथं अंदमानसारखं काचेचं पाणी मिळणार नाही, हिरवट असतं, कधी आठ-दहा मीटर दिसतं कधी तीन. पण खडकाला चिकटलेले प्रवाळ, पट्टेरी सार्जंट मेजरचे थवे, फुलपाखरू मासे, कपारीत तोंड उघडं ठेवून बसलेला हेकरू मासा, नशिबात असेल तर सापासारखा दिसणारा मोरे ईल. लाल रंग खाली आधी जातो, म्हणून टॉर्च न्या, राखाडी दिसणारा खडक उजेड पडला की कुंकू सांडल्यासारखा होतो. काहीही हातात घेऊ नका, उचलू नका. हा मालवणच्या सागरी अभयारण्याचा भाग आहे, १९८७ साली जाहीर झालेलं, आणि प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, मेलेला तुकडा पिशवीत सापडला तरी गुन्हा.

हवेचा नियम: गेजवर १०० बार (टाकीतल्या हवेचा दाब) दिसले की गाईडला सांगायचं, ५० शिल्लक असताना बोटीवर. वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जोरात नाही, आपल्याच लहान बुडबुड्यांच्या मागे राहायचं, आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबा. तीन मिनिटं म्हणजे तीन, खजिनदार असाल तर मनातल्या मनात जमाखर्च करा.

सकाळी काय खाल्लंत यावर दिवस ठरतो. आपण बरोबर शेव, बिबडे, ठेचा, कळण्याचं पीठ सगळं नेतो, नेलंच पाहिजे, पण बोटीच्या आधी शेवभाजी नको. केळं आणि चहा-बिस्कीट, तेही एक तास आधी. उलटीची गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. खाली उलटी आलीच तर रेग्युलेटर तोंडातच धरून त्यातूनच काढा, निघते, घाबरून काढून टाकू नका. मासे येतात जेवायला, लाजू नका. आमच्यात माळकरी चार आहेत, घरगुती निवास-न्याहरीवाल्यांना फोनवरच सांगून ठेवतो की वेगळी भांडी, वेगळा तवा. काकू लोक समजून घेतात, सोलकढी सगळ्यांना चालते. रात्रीची "पार्टी" मात्र गुरुवार रात्रीपर्यंत पुढे ढकला, दारू आणि पाण्याची कमी दोन्ही बुडबुड्यांचे दोस्त. दिवसभर पाणी पीत राहा, उन्हात आपल्याला सवय आहे म्हणून आपण पीत नाही, तीच चूक.

आंग्रिया बँकचा विषय दरवर्षी निघतो. ते प्रवाळाचं पठार विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून जास्त आत समुद्रात आहे, तिथं राहायची बोट लागते, आठवड्याच्या क्लब ट्रिपमधे बसत नाही. दुसरा पर्याय पाहिजेच असेल तर कर्नाटकातल्या मुर्डेश्वरचं नेत्राणी बेट, किनाऱ्यापासून साधारण १९ किलोमीटर, पाणी मालवणपेक्षा स्वच्छ, पण प्रवास वाढतो.

शुक्रवारी किल्ला. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी कुरटे बेटावर बांधकाम सुरू केलं तो सिंधुदुर्ग, चार दिवस ज्याच्या पायथ्याशी पाण्याखाली फिरलात तो वरून बघा. शिवराजेश्वराचं मंदिर, आणि चारी बाजूला खारं पाणी असताना आतल्या गोड्या पाण्याच्या विहिरी. विहीर दिसली की आमचे तिघे वाकून दम किती लागेल याचा अंदाज घेतातच, त्यांना ओढून आणा. दुपारी सगळं सामान गोड्या पाण्यात बुडवून धुवा, रेग्युलेटरची टोपी लावूनच, आणि सावलीत वाळवा.

शनिवारी घाटात कोणाच्या खांद्यात, कोपरात दुखायला लागलं, मुंग्या आल्या, चक्कर आली, तर "बॅगा उचलल्या म्हणून असेल" असं म्हणून त्याला झोपू देऊ नका. गाडी थांबवा, पुढे चढू नका, परत खाली वळवा, आडवं करा, ऑक्सिजन मिळेल त्या जवळच्या दवाखान्यात न्या. तिथल्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की याने काल-परवा डायव्हिंग केलंय, कारण आपण सांगितल्याशिवाय घाटावरच्या डॉक्टरच्या ते डोक्यात यायचं काही कारण नाही. म्हणून प्रत्येकाच्या डाइव्ह किती, किती मीटर, किती मिनिटं, शेवटची कधी, याची वही माझ्या पुढच्या सीटच्या कप्प्यात असते, बॅगेत नाही.